साल वर की साल खाली?

१५ फेब्रुवारी २०१३, शुक्रवार. नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने, म्हणजे एनआरकेने, त्या रात्री जे दाखवलं ते मराठी घरात लागलं असतं, तर कुणीतरी उठून केबलची वायर हलवून पाहिली असती. कार्यक्रम बारा तासांचा. विषय सरपण. पहिले चार तास जाणकार मंडळी लाकूड कसं तोडावं, कसं फोडावं, कसं रचावं यावर बोलली. मधे मधे गाणीही झाली. उरलेले आठ तास कॅमेरा बर्गन गावातल्या एका फायरप्लेससमोर बसून राहिला. आग जळत होती. अधूनमधून एक हात चौकटीत यायचा, एक फोड आगीवर ठेवायचा आणि निघून जायचा. कथानक एवढंच. पन्नास लाख वस्तीच्या देशातल्या जवळजवळ दहा लाख लोकांनी यातला काही ना काही भाग पाहिला. एका प्रेक्षकाने तर पुढचं लाकूड कधी पडतंय या उत्कंठेपायी आपल्याला झोपायला जाता येईना, असं जाहीरपणे कळवलं.

पण खरी गंमत पुढे आहे. कार्यक्रमात दाखवलेल्या लाकडांच्या थप्पीबद्दल साठेक लोकांचे तक्रारीचे एसएमएस आले. निम्म्यांचं म्हणणं, लाकडांची साल वरच्या बाजूला ठेवली हे साफ चुकलं. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, साल खालच्या बाजूला ठेवली हे साफ चुकलं.

नॉर्वेजियन माणूस तसा घुम्या. बसथांब्यावर दोघांत दोन-दोन मीटर अंतर ठेवून उभा राहणारा. शेजाऱ्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलायचं तर त्याला प्रसंग यावा लागतो. त्या माणसाच्या घशातून आवाज काढायचा एक हमखास उपाय म्हणजे त्याच्या अंगणातल्या थप्पीपाशी जाऊन ‘हे असं का रचलंय?’ एवढंच विचारणं. मिसळीत पोहे घालावेत की घालू नयेत, या प्रश्नावर पुण्याचा माणूस कोल्हापुरात जसा पेटतो, तसा तो पेटतो. आणि दोन वर्षं वाळलेल्या लाकडासारखा पेटतो, धूर न करता.

या सगळ्याच्या मुळाशी एक पुस्तक होतं. लार्स मित्तिंग या लेखकाचं ‘हेल वेद’ २०११ साली आलं. सरपण तोडणं, फोडणं, रचणं आणि वाळवणं एवढ्याच विषयावरचं. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ते लाखांनी खपलं. पुढे इंग्रजीत ‘नॉर्वेजियन वुड’ या नावाने गेलं, बीटल्सच्या गाण्याचं नाव आयतंच हाताशी होतं, आणि २०१६ साली ब्रिटनमधल्या पुस्तक व्यवसायाने त्याला ललितेतर गटातलं वर्षाचं पुस्तक ठरवलं. आपल्याकडे एखाद्या लेखकाने प्रकाशकाकडे ‘लाकडांची थप्पी’ या विषयावर दोनशे पानं नेली असती, तर प्रकाशकाने चहा पाजून त्याच लाकडांचं पुढे काय करता येईल ते सुचवलं असतं.

त्या पुस्तकाच्या नावातच मेख आहे. ‘हेल वेद’ म्हणजे शब्दशः अखंड, निरोगी लाकूड; पण नॉर्वेजियन बोलीत ते माणसालाही लावतात. अमका ‘हेल वेद’ आहे म्हणजे आतून-बाहेरून अस्सल, विश्वासाचा. मराठीत लाकडाच्या वाट्याला असं भाग्य आलेलं नाही. आपल्याकडे ढिम्म बसून राहणाऱ्याला ओंडका म्हणतात, कमी अकलेच्या माणसाला ठोकळा म्हणतात, आणि एखाद्याच्या गोवऱ्या मसणात गेल्या की त्याच्या सरपणाची सोय झाली असं समजतात. लाकूड हा शब्द चारचौघांत जरा जपूनच काढावा लागतो. त्यातल्या त्यात ‘खणखणीत’ या शब्दाने लाज राखली आहे. वाळलेल्या दोन फोडी एकमेकींवर आपटल्या की जो आवाज येतो तोही खणखणीत, आणि ऐंशीव्या वर्षी जिना चढणारे आजोबाही खणखणीत. ओल्या फोडी आपटल्या तर थपथप असा आवाज येतो. त्यावरून माणसांसाठी शब्द झाला नाही, ही ओल्या माणसांवर भाषेने केलेली कृपा.

आता लाकूड वाळतं म्हणजे नेमकं काय होतं, तेही पाहायला हवं, कारण इथेच सगळ्या वादांचं ओलं मूळ आहे. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात बऱ्याचदा जवळजवळ निम्मं पाणीच असतं. तसं लाकूड आगीत घातलं तर आगीचा बराचसा वेळ पाणी तापवण्यात जातो. एक लिटर गार पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिट विजेइतकी ऊर्जा लागते, आणि ती वाफ थेट धुराड्यातून वर जाते. घर गार ते गारच. तापतं ते आभाळ. शिवाय अर्धवट जळालेला धूर धुराड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा थर धरतो, आणि एके दिवशी तो थरच पेट घेतो. म्हणून पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आणायचं, हा युरोपभर मान्य झालेला आकडा. इंग्लंडने तर १ मे २०२१ पासून त्याचा कायदाच केला. दोन घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचं असेल तर त्यात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. त्याहून जास्त घेतलंत तर ओलं मिळू शकतं, मात्र ते कसं वाळवावं याची माहिती दुकानदाराने सोबत द्यायची. म्हणजे दोन घनमीटरच्या वर गेलात की सरकार तुम्हाला सज्ञान समजतं.

झाडात पाणी मुळाकडून शेंड्याकडे जातं, बारीक उभ्या नळ्यांतून. झाड पडल्यावरही पाण्याला तीच वाट सोयीची वाटते. धाग्याच्या दिशेने ते आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने बाहेर पडतं. म्हणून लाकूड आधी तोकडं कापायचं, नॉर्वेत सहसा ३० सेंटिमीटर, म्हणजे नळ्यांची तोंडं जवळ येतात. आणि मग फोडायचं, म्हणजे सालीचा अडसर जातो. साल हा पहिल्या नंबरचा अडसर. नॉर्वेजियनांचं लाडकं झाड बर्च, आणि बर्चची साल इतकी जलाभेद्य की तिथल्या जुन्या घरांवर गवताचं छप्पर घालताना खाली तिचे थर अंथरत. हिमालयातला तिचा भाऊबंद म्हणजे आपला भूर्ज. काश्मिरातल्या पंडितांनी ज्यावर पोथ्या लिहिल्या ते भूर्जपत्र म्हणजे हीच साल. (अंड्याच्या भुर्जीचा या घराण्याशी संबंध नाही.) जिच्यावरची अक्षरं शतकानुशतकं टिकली, ती साल आतलं पाणी सहजासहजी सोडील होय? बर्चचा ओंडका न फोडता ठेवला तर तो स्वतःच्याच रेनकोटात कुजतो.

नॉर्वेत आणखी एक युक्ती आहे. पानं फुटल्यावर झाड तोडायचं आणि फांद्या-पानांसकट तसंच काही आठवडे आडवं ठेवायचं. झाड मेलंय हे पानांना कुणी कळवलेलं नसतं. साहेब निवृत्त झाल्याचं परिपत्रक न पोचलेल्या कचेरीसारखी ती फायली वर ओढत राहतात, आणि खोडातलं पाणी परस्पर हवेत जातं. लाकूड वाळवायची यापेक्षा बिनकष्टाची पद्धत निघालेली नाही. पण ती फारशी कुणी अवलंबत नाही. तीत माणसाला काही करायला मिळत नाही, हा तिचा दोष.

हीच तर या प्रकरणातली अडचण आहे. लाकूड आपलं आपण वाळतं. त्याला लागतो वारा, थोडं ऊन आणि वेळ. म्हणजे ज्या तीन गोष्टींत माणसाला कर्तबगारी दाखवता येत नाही नेमक्या त्याच. एकदा फोडून, जमिनीपासून उचलून, वर आडोसा करून ठेवलं की मग पुढचे सहा महिने करायचं काय? मग माणूस मतं बनवतो.

लाकडांची खोप हे त्या मतांचं पहिलं अपत्य. खरं तर चार खांब, खाली वीत-दीड वीत उंचीवर फळ्यांची जाळी, मागे फटी-फटीची भिंत, वर उतरतं छप्पर आणि पुढची बाजू उघडी. एवढं झालं की खोप झाली. वखारींत आणि कारखान्यांत माल वाहायला वापरतात ती लाकडी पॅलेटं मिळाली तर तळही फुकटात होतो. छप्पर पुढे हातभर यायला हवं, म्हणजे पावळीचं पाणी थप्पीवर पडत नाही. घराच्या भिंतीला टेकवून रचायची असेल तर मधे हात जाईल एवढी फट ठेवायची. वाऱ्याला शिरायला जागा हवी, पावसाला नको. पण नवख्या माणसाच्या मनात ‘लाकूड पावसापासून वाचवायचं’ एवढंच असतं, म्हणून तो चारही बाजू फळ्यांनी बंद करतो, दाराला कडी लावतो, आणि वर्षाने उघडतो तेव्हा आत बुरशीचा वास. ओला टॉवेल स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं तर तो वाळेल का, हा प्रश्न त्याला टॉवेलच्या बाबतीत नक्की सुचला असता. दुसरा नवखा थप्पी निळ्या प्लॅस्टिकने जमिनीपर्यंत गुंडाळतो. मग आतल्या पाण्याची वाफ वर जाते, प्लॅस्टिकला लागते आणि थेंब होऊन पुन्हा लाकडावर पडते. पाऊस बाहेरून येऊ नये म्हणून या गृहस्थाने आतल्या आत पाडून घेतलेला असतो.

आता समजा, मूळचा राजापूर तालुक्यातला, पुण्यात शिकलेला एक संगणक अभियंता ओस्लोच्या बाहेर घर घेऊन राहिला आहे. (अशी माणसं आता कल्पनेतून आणावी लागत नाहीत, पण हा तेवढा कल्पनेतला.) घराबरोबर लोखंडी स्टोव्ह आला, स्टोव्हबरोबर सरपण आलं, आणि सरपणाबरोबर शेजारी कुंपणापाशी आला. शेजारी फक्त पाहतो, बोलत नाही. त्याने याची भीड चेपत नाही, वाढते. एप्रिलमधल्या रविवारी हा खोप बांधायला घेतो. पातळी पाहायला लेझरचं यंत्र, आकड्यांना एक्सेलची फाइल, आणि साक्षीला व्हिडिओ कॉलवर आई.

“एवढं कसलं रे मोजतोस? देऊळ बांधतोयस काय?” आई गावच्या पडवीतून विचारते.

“आई, याला शास्त्र आहे. हवा खेळली पाहिजे.”

“अरे, खाली दगड, वर झाप, मधून वारा. तुझी आजी काय शास्त्र शिकली होती?”

आईला हसायचं कारण आहे. कोकणात हे काम दरवर्षीचं. मृग लागायच्या आत आगोटीची तयारी करायची म्हणजे तांदूळ, डाळी, मीठ, सुके मासे, आमसुलं यांच्याबरोबर सरपणही घरात यायला हवं. काजूच्या, ऐनाच्या फांद्या, आंब्याच्या फोडी, माडाच्या झावळ्या, पोयी, सोडणं, करवंट्या, जे जळतं ते सगळं. उत्तर कोकणात त्याला फाटी म्हणतात, बाकी कुणी जळण म्हणतं, कुणी लाकूडफाटा. पडवीत, मांगरात, नाहीतर झापांनी शाकारलेल्या खोपीत त्याची रास लागते. फरक असा की नॉर्वेजियन माणूस उन्हाळाभर लाकूड वाळवतो ते हिवाळ्यासाठी. कोकणातलं लाकूड मे महिन्यात कुणाला वाळवावं लागत नाही, ते न मागता वाळतं. तिथला प्रश्न पुढचे चार महिने ते तसंच ठेवायचा. बर्गन हे युरोपातलं पावसाळी म्हणून नावाजलेलं शहर, तिथे वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि ते लोक त्याबद्दल विनोद करतात. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिथे विनोद करायला कुणाला सवड नसते.

शिवाय छपराखाली ठेवलं म्हणून लाकूड सुटत नाही. लाकूड हवेतली ओल उलट पिऊन घेतं. श्रावणातल्या दमट हवेत आठवडेच्या आठवडे राहिलं की खडखडीत वाळलेली फोडही वीस टक्क्यांच्या आसपास ओल धरते, म्हणजे ज्या आकड्यासाठी इंग्लंडने कायदा केला त्याच्या उंबरठ्यावर येऊन बसते. या क्रियेला मराठीत ‘सादळणं’ असा बिनतोड शब्द आहे. पापड सादळतात, काडेपेटी सादळते, लाकूडही सादळतं. त्यावर घराघरांतला उपाय म्हणजे उद्याचं सरपण आजच चुलीच्या वरच्या माळ्यावर किंवा वैलापाशी शेकत ठेवायचं. आजची आग उद्याच्या आगीची तयारी करते. तरी एखादी फोड ओली निघतेच. मग फुंकणी येते, डोळ्यांत पाणी येतं, आणि ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही म्हण कुणी काढली त्याने कधी स्वतः चूल पेटवली नसावी असं वाटू लागतं. जळतं खरं, पण सुकं बिचारं आधी त्याचं पाणी आटवतं, आणि तोवर भात शिजायचा राहतो.

शहरातल्या मराठी माणसाला मात्र ही विद्या कधी आलीच नाही. त्याच्याकडे वखार होती. बायकोने ‘बंबाला लाकूड संपलं’ म्हटलं की तो पिशवी न घेता बाहेर पडायचा आणि बंबफोड सांगून यायचा. बंबाच्या नळकांड्यात मावतील एवढ्या ढलप्या म्हणजे बंबफोड. वखारवाला मोठ्या तराजूच्या पारड्यात मणाचं वजन घालायचा, दुसऱ्या पारड्यात लाकूड फेकायचा, हमालाच्या पाठीवर ते घरी यायचं आणि जिन्याखाली पडायचं. रचणं नाही, साल नाही, वारा नाही.

वजन! इथे पूर्व आणि पश्चिम यांच्यातला मूलभूत फरक दिसतो. आपल्याकडे सरपण वजनावर विकलं जातं, म्हणून वखारवाल्याचा जीव ओल्या लाकडात. ताज्या लाकडाच्या मणात अर्धा मण पाणी असतं आणि त्याचा भाव लाकडाचाच. युरोप-अमेरिकेत सरपण आकारमानावर विकलं जातं, म्हणून तिथल्या विक्रेत्याचा जीव रचण्यात. नीट रचलेल्या एका घनमीटरमध्ये लाकूड दोन-तृतीयांशाच्या आसपास, बाकी फटी. सैल रचलं तर फटीच जास्त. आपला वखारवाला पाणी विकतो, त्यांचा हवा विकतो.

या हवेवर तोडगा म्हणून त्यांनी मापं काढली, आणि मापांनी गोंधळ वाढवला. अमेरिकेत कॉर्ड, म्हणजे चार फूट बाय चार फूट बाय आठ फूट, १२८ घनफूट. पण त्याच्याच बाजूला ‘फेस कॉर्ड’ नावाचं एक माप आहे, ज्यात थप्पीची लांबी-उंची तीच पण जाडी एका फोडीएवढी. फोड किती लांब हे विकणाऱ्याने ठरवायचं. फ्रेंचांनी क्रांतीच्या धामधुमीत, १७९५ साली, मीटर आणि ग्रॅमच्या पंगतीला खास सरपणासाठी ‘स्तेर’ नावाचं माप बसवलं, एक घनमीटर. जुनी मापं मोडून काढायच्या घाईतही लाकूडफाट्याला विसरले नाहीत, हे त्यांचं कौतुक. जर्मनांना एक घनमीटर पुरला नाही. भरीव लाकडाचा घनमीटर वेगळा, रचलेल्याचा वेगळा आणि नुसत्या ओतलेल्याचा वेगळा, आणि तिन्हींना वेगवेगळी नावं. नॉर्वेजियनांचं माप ‘फावन’. आज ते २.४ घनमीटर धरतात, पण मूळ अर्थ दोन्ही हात पसरले की होणारं अंतर, म्हणजे आपली वाव. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मिठी. बसथांब्यावर दोन मीटर लांब उभा राहणारा माणूस सरपण मात्र मिठीने मोजतो.

इकडे अभियंत्याची खोप उभी राहिली आहे आणि रचणं सुरू झालंय. दोन्ही टोकांना फोडी एक थर आडवा, एक थर उभा असे रचून बुरूज करायचे, म्हणजे मधली रांग सरकत नाही. मधल्या फोडी घट्टही नकोत आणि सैलही नकोत. याबद्दल अमेरिकेतल्या खेड्यांत एक जुनं माप सांगतात : फटीतून उंदीर पळून जाईल, पण त्याच्या मागे लागलेलं मांजर अडकेल. त्याने मोठ्या हौसेने हे आईला सांगितलं.

आई म्हणाली, “मांजराचं काय घेऊन बसलास? उंदीर गेला की मागून धामण जाते. तिला कुठली फट अडवते?”

यावर एक्सेलमध्ये रकाना नव्हता. कोकणातल्या राशीत हात घालण्याआधी काठी आपटतात ते याचसाठी. ओस्लोत ती काळजी नाही, म्हणून तिथे माणसाला सौंदर्यदृष्टी परवडते. आणि परवडते म्हणजे किती? मित्तिंगच्या पुस्तकात एका थप्पीचं छायाचित्र आहे. त्या थप्पीत वेगवेगळ्या रंगाच्या लाकडांची तोंडं जुळवून नॉर्वेचे राजे हाराल आणि राणी सोन्या यांचे चेहरे उभे केले आहेत. राजनिष्ठा म्हणून ठीक. पण जानेवारीत पारा शून्याच्या खाली वीसवर गेला की सुरुवात कुठून करायची? राजाच्या कानापासून?

सरपणाच्या थप्पीवरून नवरा पारखावा, अशीही एक जुनी गमतीची समजूत त्या पुस्तकात नोंदवली आहे. थप्पी सरळ तर माणूस सरळ, फार उंच तर स्वप्नं मोठी पण कोसळायचा धोका, अर्धवट सोडलेली तर तो संसारही तसाच सोडील, असा एकूण हिशेब. आपल्या छत्तीस गुणांपेक्षा याचा फायदा असा की पत्रिका काकांकडून करून घेता येते, थप्पी स्वतःच रचावी लागते. तोटा असा की ती पाडून बघायचा मोह सासऱ्याला आवरत नाही.

गोल थप्पीवाले हा वेगळाच पंथ. जर्मनीत ‘होल्झहाउझन’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. दोन-तीन मीटर व्यासाचं वर्तुळ, कडेने फोडी थोड्या आतल्या बाजूला झुकवून रचायच्या, पोटात वेड्यावाकड्या उभ्या टाकायच्या, आणि वर फोडी साल वर करून छपरासारख्या लावायच्या. मधे एक खांब, त्यावर खूण. लाकूड वाळून आक्रसलं की थप्पी खाली बसते, आणि खूण वर दिसू लागली की समजायचं झालं. तिचे भक्त सांगतात की मधून धुराड्यासारखी हवा वर चढते आणि तीन महिन्यांत लाकूड वाळतं. संशयी लोक म्हणतात की पोटातलं लाकूड वाऱ्याचं तोंडही पाहत नाही. यात संशयी लोकांची बाजू बरी वाटते, पण दिसायला मात्र गोल थप्पी लाजवाब. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला ती दाखवली तर ती म्हणेल, हा तर शेणींचा हुडवा. आणि विचारील की वरून शेणाने सारवला का नाही, पाऊस शिरेल ना.

आता राहिला सालीचा प्रश्न. उत्तर आहे, आणि ते इतकं साधं आहे की म्हणूनच कुणाला नकोय. थप्पी उघड्यावर असेल तर सगळ्यांत वरच्या थराची साल वर ठेवावी, पाणी कौलावरून जसं ओघळतं तसं ओघळून जातं. सगळ्यांत खालच्या थराची साल खाली ठेवावी, जमिनीची ओल चढत नाही. मधल्या थरांत कशीही ठेवा. आणि वर छप्पर असेल तर कुठेही, कशीही ठेवा, वाऱ्याला साल दिसत नाही. म्हणजे ते साठही लोक बरोबर होते, फक्त एकेका थरापुरते. एनआरकेने हा निकाल रात्रीच जाहीर केला असता, तर दोन्ही बाजूंनी मिळून तक्रारीचे एकशे वीस एसएमएस आले असते.

ऑक्टोबर आला. अभियंत्याने पाणी मोजायचं यंत्र आणलं, दोन टोकदार सुया लाकडात खुपसायच्या, आतून वीज किती सहज जाते त्यावरून आकडा येतो. त्याने नियमाप्रमाणे फोड पुन्हा मधोमध फोडली आणि नव्या पृष्ठभागावर सुया टेकवल्या, कारण बाहेरच्या अंगाला मोजलं तर आकडा खोटं बोलतो. आला १७. त्याचा विश्वास बसेना. दुसरी कसोटी म्हणून बर्चच्या फोडीच्या एका टोकाला भांडी घासायचा साबण लावून त्याने दुसऱ्या टोकाकडून जोर लावून फुंकलं. वाळलेल्या लाकडाच्या नळ्या मोकळ्या असतील तर फुगे येतात. आले. कुंपणापलीकडे शेजारी उभा होता. गाल फुगवून लाकडात फुंकणारा हा माणूस त्याने बराच वेळ पाहिला, आणि पहिल्यांदाच मान हलवली.

“आई, सतरा टक्के!”

“दोन फोडी आपट बघू एकमेकींवर.”

त्याने आपटल्या. आवाज जवळजवळ सात हजार किलोमीटर लांब पडवीत पोचला.

“वाळलंय,” आई म्हणाली. “हे विचारायला यंत्र आणलंस? बरं, आता पेटव तरी. बघू कसं जळतं ते.”

तो खोपीसमोर जाऊन उभा राहिला. सात महिने जमवलेली थप्पी, बुरूज ओळंब्यात, तोंडं एका रेषेत, मधे हौसेने एक चेरीच्या लाल लाकडाचा पट्टा. कुठूनही एक फोड काढली तरी तिथे दात पडल्यासारखं दिसणार होतं. डाव्या टोकाकडून काढावी तर बुरूज जातो. उजवीकडून काढावी तर शेजाऱ्याच्या खिडकीतून तेच पहिलं दिसतं.

“काढतोयस ना?”

“आई, लोक म्हणतात दोन हिवाळे वाळलेलं आणखी चांगलं जळतं.”

“मग यंदा काय करणार?”

नॉर्वेत वीज बहुतांश धबधब्यांची आणि धरणांची, आणि बहुतेक घरं त्या विजेवरच गरम होतात. त्याने घरात येऊन भिंतीवरचा हीटर लावला, आणि लेझरचं यंत्र घेऊन दुसऱ्या खोपीसाठी जागा मोजायला पुन्हा बाहेर गेला.